जुन्या व्हॅनमधील उकाडा

वैशाखांत जळगांवाहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जाणाऱ्या रस्त्यावर दुपारीं पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं जुन्या व्हॅनमधील हवा बाहेरच्याहूनही तापलेली लागते, आणि प्रवासी सारा दोष सूर्यावर ढकलून मोकळे होतात. वस्तुतः व्हॅनमध्यें उष्णता तीन वाटांनीं शिरते : छपरांतून व काचांतून ऊन, आसनाखालून इंजिनाची धग, आणि हीटर असल्यास त्याच्या नळींतील गरम पाणी. यांपैकीं कोणती वाट उघडी आहे हें ओळखल्यावांचून केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.

ओळखण्याची युक्ति सोपी आहे. पहांटे, ऊन पडण्यापूर्वीं, व्हॅन अर्धा तास चालवावी. तरीही आंत उबारा जाणवला, तर सूर्य निर्दोष ठरतो. मग वाऱ्याच्या जाळीपुढें हात धरावा. तेथें गरम वारा लागल्यास हीटर, आणि पायांशीं वा आसनाखालीं धग लागल्यास इंजिन, असें समजावें.

भर दुपारीं एक चौरस मीटर पत्र्यावर सुमारे १००० वॅट, म्हणजे विजेच्या एका इस्त्रीएवढी, उष्णता पडते. खानदेशांतील धाब्याचें घर ती मातीच्या जाड थरांत अडवून धरतें. व्हॅनचें छप्पर नुसता पत्रा असल्यामुळें क्षणांत तापतें. आंतील अस्तर काढून त्यामागें उष्णतारोधक फोमचा थर बसविणें, हा यावरील खरा उपाय होय. काचांवर काळी फिल्म लावणें मात्र उचित नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वयें पुढच्या व मागच्या काचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे.

इंजिनाची वाट अधिक गंभीर आहे. १९८४ सालीं बाजारांत आलेल्या आणि २०१९ सालीं निर्मिति थांबलेल्या मारुती ओम्नीमध्यें इंजिन पुढील आसनांखालींच असतें. तेथील झांकणाच्या कडेची रबरी पट्टी कालांतरानें कडक होऊन चिरते. कागदाची पट्टी कडेंत धरून झांकण बंद करावें; ती सहज ओढून निघाल्यास रबर बदलावें. ज्या फटींतून धग येते, तिच्यांतूनच धुराड्याचा विषारी वायूही येऊं शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वासही नाहीं. त्यानें डोकें दुखतें, भोंवळ येते, झांपड येते, आणि लोक तो उन्हाचा परिणाम मानतात. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्यें ही चूक प्राणघातक ठरूं शकेल. म्हणून फट बुजविण्यापूर्वीं धुराड्याचे सांधे कारागिराकडून तपासून घ्यावे.

हीटरमधून फिरणारें इंजिनाचें पाणी सुमारे ९० अंशांवर असतें. त्यावरील तोटी तारेनें उघडते व मिटते. तार सैल झाली किंवा तोटी गंजली, तर दांडा ‘थंड’वर असूनही पाणी झिरपत राहतें. इंजिन बंद करून तोटीपुढील रबरी नळी जपून चांचपावी; ती कढत लागल्यास तार ताणावी अथवा तोटी बदलावी. कांहीं गाड्यांत तोटी नसून वारा अडविणारी झडप असते. तेथें नळी गरम असणें हा दोष नव्हे. झडप पुरती मिटते कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

उन्हाळ्यांत थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. त्यानें आंतील उकाडा हटत नाहीं. उलट इंजिन योग्य उष्णतेवर येण्यास विलंब लागून इंधन व झीज दोन्ही वाढतात. त्यापेक्षां रेडिएटरच्या जाळींत बसलेली काळ्या मातीची धूळ इंजिन निवल्यावर धुऊन काढणें हितावह.

एवढें करूनही व्हॅन उन्हांत बंद उभी असली, तर दहा मिनिटांत आंतील हवा सुमारे १० अंशांनीं तापते. मुलांना अशा गाडींत क्षणभरही एकटें ठेवूं नये. कोणतीही दुरुस्ती हा नियम सैल करूं शकत नाहीं.