राजाचा मुदपाकखाना आणि आमचा ठेकेदार

चिंचवडहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की देहूरोड लागते. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणून आपली माणसे तिथे थांबतात. पुढे तळेगाव ओलांडल्यावर वडगाव मावळ येते. तिथे मात्र कोणी थांबत नाही. जानेवारी 1779 मध्ये मराठी फौजेने इंग्रजांच्या मुंबईकर सैन्याला याच वडगावात कोंडून तह लिहून घेतला. हा विजय शाळेत शिकवतात. पण त्याच सुमारास इंग्रजांच्या स्वतःच्या देशात काय चालले होते, ते कोणी शिकवत नाही. आम्हाला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

तिकडे तिसरा जॉर्ज गादीवर होता. राजाच्या घरखर्चासाठी आणि दरबारासाठी पार्लमेंट त्याला वर्षाला आठ लाख पौंड देत असे. 1777 साली ते नऊ लाख केले, शिवाय दोनदा त्याचे कर्जही फेडले. हा पैसा जात होता कुठे? बिनकामाच्या पदांवर, आणि ती पदे वाटून पार्लमेंटचे सभासद आपलेसे करण्यावर. ज्यांनी राजाला हिशेब विचारायचा, तेच राजाच्या पगारावर! अमेरिकेतल्या युद्धाने कर वाढले आणि लोक चिडले. फेब्रुवारी 1780 मध्ये एडमंड बर्कने खर्चाला कात्री लावण्याची योजना मांडली. राजवाड्याचा खर्च कमी करण्याचा पूर्वीचा प्रयत्न का फसला, याचे कारण त्याने भर सभागृहात सांगितले. राजाच्या मुदपाकखान्यात मांस भाजायची सळई फिरवण्याचे पद ज्याच्याकडे होते, तोच पार्लमेंटचा सभासद होता. एप्रिलमध्ये राजाचा वाढता प्रभाव कमी झाला पाहिजे, असा ठराव 233 विरुद्ध 215 मतांनी मंजूर झाला. 1782 साली कायदे आले. शंभरावर पदे मोडली गेली. सरकारी ठेकेदाराला कॉमन्स सभेत बसण्याची बंदी झाली. करवसुलीच्या नोकरांचा मताधिकारही काढला, कारण ते सरकार सांगेल त्यालाच मत देत. 1787 मध्ये धाकट्या पिटने सगळा महसूल एकाच निधीत जमा करण्याची पद्धत घातली.

त्याच 1782 च्या मे महिन्यात इकडे सालबाईचा तह झाला. छत्रपती साताऱ्यात नावापुरते, पेशवा लहान मूल, सत्ता नाना फडणविसांच्या हाती. नानांचे दप्तर चोख होते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दप्तरातला जमाखर्च विचारण्याचा हक्क कोणाला होता? श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना लाखांची दक्षिणा वाटली जाई, चिंचवडच्या देवांना गावे इनाम होती. त्या गावांत राबणाऱ्या कुणब्याला आणि वेठीला धरलेल्या महाराला कोण विचारणार? ज्याच्या गळ्यात मडके बांधले, त्याने खजिन्याचा हिशेब मागायचा?

यावर कोणी म्हणेल, तुम्ही इंग्रजांचे गोडवे गाता. मुळीच नाही. बर्कला राजाचा हात आखडायचा होता, गिरणी कामगाराला मत द्यायचे नव्हते. ओसाड पडलेले ओल्ड सॅरम दोन सभासद निवडत होते आणि कारखान्यांच्या मँचेस्टरला 1832 पर्यंत एकही नव्हता. कंपनी सरकारने हिंदुस्थानला कसे नागवले, यावर तर बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात प्रबंधच लिहिला. त्यांना इंग्रजांची लूटही ठाऊक होती आणि हत्यारही.

ते हत्यार संविधानात आहे. अनुच्छेद 266 मधला एकत्रित निधी, अनुच्छेद 102 मधली लाभपदाची अपात्रता ही त्याच परंपरेतली. 30 मे 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. न्यायपालिकेपेक्षाही त्याचे काम मोठे, असे त्यांचे मत होते. आमच्या वकील मंडळींना हे वाक्य क्वचितच आठवते.

आणि महापालिकेच्या 1949 च्या अधिनियमातले कलम 10 पाहा. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. 1782 चाच ठेकेदारबंदीचा कायदा! योगायोग असा की पिंपरी-चिंचवडची महापालिका बरोबर दोनशे वर्षांनी, 1982 साली झाली. पण कलमात भागीदार आहे, भाऊ नाही, मेहुणा नाही. राज्यभरातल्या पालिकांत कचऱ्याचा, नालेसफाईचा ठेका कोणाच्या नावाने निघतो आणि त्यामागे कोण असतो, हे प्रभागातले शेंबडे पोरही सांगेल. अप्रत्यक्ष हितसंबंध कोर्टात सिद्ध करायला मात्र कागद लागतो. त्या ठेक्यावर झाडू मारणारी माणसे बहुतेक कोणत्या वस्तीतली असतात, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको.

त्यातही मार्च 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ या श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. हजारो कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकच मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. तिसऱ्या जॉर्जलाही निदान पार्लमेंटपुढे हात पसरावा लागत होता.

चाकणचे तर मँचेस्टरच झाले आहे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या पत्र्याच्या खोल्यांत लातूर-नांदेडपासून बिहारपर्यंतची पोरे एका खोलीत पाच-सहा राहतात आणि कंत्राटावर गाड्या जोडतात. साबणावर, मोबाइलवर कर इथे भरतात, मतदार यादीत नाव मात्र गावाकडे. नमुना 6 घेऊन गेलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना एकच उत्तर मिळते, घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. करार नसेल तर मतदान केंद्र अधिकाऱ्याने प्रत्यक्ष खोलीवर येऊन खात्री करायची असते, हे त्या अर्जावरच छापलेले आहे. येत्या रविवारपासून आम्ही तेवढी एक ओळ अधोरेखित करूनच अर्ज वाटणार आहोत.