पेरू, लिंबू आणि जिन

राहात्याचा पेरू पिकला की टोपलीच्या आधी त्याचा वास घरात शिरतो. हा वास जिनमध्ये छान उतरतो, कारण फळांची बरीच सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. जिनही अशीच घडते: मद्यार्कात जुनिपरच्या फळांचा गंध उतरवून. आपल्याकडे हा मद्यार्क बऱ्याचदा उसाच्या मळीचा असतो, आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्यामुळे राहात्याच्या जिल्ह्याला मळी नवी नाही.

घरी करताना एक चूक हमखास होते. दाट गरावर थेट जिन ओतली की पेल्यात चिकट तंतू दिसू लागतात. फळ नासलेलं नसतं! पेरूत पेक्टिन भरपूर. त्याची जेली धरते ती यामुळेच. तीव्र अल्कोहोल भेटलं की पेक्टिन पाण्यातून बाहेर पडून गोळा होतं. म्हणून गर आधी पाण्यात सैल करून गाळा. 90 मिली रसात श्रीगोंद्याच्या लिंबाचा 15 मिली रस, चिमूटभर काळं मीठ, आणि शेवटी 45 मिली जिन ढवळत ढवळत घाला. बर्फ भरपूर हवा. मोजकेच खडे झटकन वितळतात आणि पेय पाणचट होतं.

महाराष्ट्रात जिन पिण्यासाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवानाही. गाडी चालवायची असेल, तर जिन वगळा. नुसता पेरू-लिंबूही झकास लागतो.