हळदीकुंकू घरी, आमंत्रण सगळ्यांना

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू सुरू होतं. बायका घरी येणार म्हणून आनंद असतो आणि पोटात गोळाही येतो. वाण काय द्यायचं? खायला काय करायचं? आम्ही गटातल्या बायकांनी गेली काही वर्षं करून पाहून जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी आमंत्रणाचं बोलू. मोबाईलवर निरोप टाकला तरी दारात जाऊन एकदा सांगावं. वेळ मोघम ठेवू नका. ‘संध्याकाळी या’ म्हटलं की सगळ्या सातलाच येतात. अर्ध्या जणींना साडेचारची आणि नोकरीवाल्यांना साडेसहाची वेळ दिली, तर लहान घरातही बसायला जागा होते आणि दोन शब्द बोलणं होतं.

आता हिशेब. तीस बायकांना दोन-दोन तिळाचे लाडू द्यायचे तर अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिकीचा गूळ आणि पाव किलो दाण्याचं कूट घ्या. लहान लाडू साठच्या आसपास होतात. हे दोन दिवस आधी करून डब्यात भरून ठेवता येतात. मसाला दूध द्यायचं असेल तर साडेतीन लिटर पुरे. शेजारून स्टीलचे पेले मागून आणा. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटवाट्या-पेल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि पेले विसळायला दोघी उभ्या राहिल्या तर दहा मिनिटांचं काम.

वाणाला आधी रक्कम ठरवा, मग बाजारात जा. माणशी वीस रुपये धरले तर तीस जणींचे सहाशे. उलटं केलं की खर्च हाताबाहेर जातो. कापडी पिशवी, मेथी-कोथिंबिरीचं बी, गाळणी अशा वस्तू रोज वापरात येतात. आम्ही चार घरं मिळून एकच हळदीकुंकू करतो. खर्च वाटला जातो, आणि यजमानीण चार घटका बसू शकते.

आता खरं महत्त्वाचं. आमच्यातल्या एकीचे मालक वारले. त्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही. दर वर्षी लाडू वळायला पहिली येणारी बाई, त्या दिवशी दार लावून घरात बसली. लेकीच्या हाती तिने वाटीभर तीळ पाठवले. ती वाटी पाहून आम्हाला फार लागलं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर शासनानेही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो, आमंत्रण मात्र आपल्याच दारातून जातं.

आम्ही काय केलं ते ऐका. आधी घरातल्या सासूबाईंशी बोललो, म्हणजे ऐन वेळी कुणी काही बोलून जात नाही. मग दोघी मिळून तिच्याकडे गेलो आणि स्पष्ट म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही यायचंच, वाणही घ्यायचं.’ नवऱ्याने टाकलेली, लग्न न झालेली, शेजारची दुसऱ्या धर्माची, सगळ्यांना तसंच सांगितलं.

कार्यक्रमात कुंकवाचा करंडा ताटात ठेवून ताट फिरवलं. जिला लावायचं तिने लावावं, नको असेल तिने ताट पुढे द्यावं. तीळगूळ, फूल आणि वाण मात्र प्रत्येकीला सारखं, त्याच रांगेत. वेगळा सत्कार करून तिला पुढे उभं करू नका. तसं केलं की ती पुन्हा एकटीच पडते.

पहिल्या वर्षी दोघी-तिघी नाक मुरडून लवकर गेल्या. पुढच्या वर्षी त्यातली एक स्वतःच्या जावेला घेऊन आली. जावेचेही मालक नव्हते.

तर मैत्रिणींनो, यंदा आमंत्रणाची यादी कराल तेव्हा कोण राहिलं ते एकदा पाहा. आधी त्या दारी जा. तीळगूळ घ्या, गोड बोला!