जोंधळ्याच्या जोडीला हरभरा : दुष्काळी शिध्याविषयीं कांहीं माहिती

फंडास धान्य देणारे व्यापारी, बागाईतदार व इतर उदार गृहस्थ यांजकडून कमिटीस वारंवार असें विचारण्यांत येतें कीं, भुकेल्यास जोंधळा दिला म्हणजे काम भागत असतां हरभऱ्याचा आग्रह कां? हरभऱ्याच्या पैशांत जोंधळा अधिक येतो व अधिक पोटें भरतात, हा त्यांचा हिशेब वरवर पाहतां बिनतोड वाटतो. तथापि पोट भरणें निराळें व शरीर तगणें निराळें. या जिल्ह्याला ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन कळलेली आहे. सबब तिचा खुलासा दात्यांपुढें ठेवणें अवश्य वाटतें.

पूर्वीचा अनुभव

१८७६-७७ सालीं सोलापूर जिल्हा दुष्काळानें होरपळत असतां हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी कमी करवून ती रोजीं एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे इतक्यावर आणली. एक पौंड म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम. एवढ्या जोंधळ्यांत सुमारें १,५५० कॅलरी उष्णता मिळते. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्यास याच्या जवळजवळ दुप्पट लागते. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनींहि आक्षेप घेतला कीं, धान्याचें माप तर वाढवावेंच, पण त्याबरोबर प्रथिनयुक्त अन्न व भाजीपालाहि द्यावा. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कामांवर सुकडी वांटण्यांत आली, तिच्यामागेंहि नुसत्या धान्यानें भागत नाहीं हीच जाणीव होती.

दोहोंचा मेळ

जोंधळ्यांत शेंकडा सुमारें १० भाग प्रथिनें असतात, तर हरभऱ्याच्या डाळींत सुमारें २०. परंतु प्रमाणापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शरीर बांधण्यास लागणारें लायसीन नांवाचें द्रव्य जोंधळ्यांत फार थोडें व हरभऱ्यांत पुष्कळ असतें. उलट हरभऱ्यांत जें मेथिओनीन कमी पडतें, त्याची भर जोंधळा घालतो. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसला म्हणजे दोघांचीहि वाट सरते, तसा हा प्रकार आहे. आपल्याकडील झुणका-भाकरीची जोडी या दृष्टीनें किती योग्य आहे हें यावरून ध्यानांत येईल. नुसत्या जोंधळ्यावर राहण्याचा धोका काल्पनिक नव्हे. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं हैदराबाद येथें, मुख्यतः जोंधळ्यावर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा कातडी व पचन बिघडविणारा रोग नोंदविला.

याखेरीज हरभऱ्यांत लोह असतें, व गरोदर स्त्रियांस अत्यावश्यक असें फोलेट असतें. तो सावकाश पचत असल्यामुळें भूक लवकर लागत नाहीं. दोन वेळांऐवजीं एकदांच जेवणाऱ्या माणसास हा लाभ लहान नव्हे.

कोणत्या रूपानें द्यावा

दुष्काळांत सरपण व पाणी यांचीहि टंचाई असते, म्हणून खालील भेद लक्षांत घ्यावा.

(१) डाळीचें पीठ : पिठलें थोड्या जळणांत व थोड्या वेळांत होतें. थोडें तेल, मीठ, मिरची व कांदा असला कीं भाकरीबरोबर पुरें जेवण झालें. घरोघर शिधा वांटण्यास हेंच सर्वांत सोयीचें.

(२) फुटाणे व डाळें : चूल न पेटवितां खातां येतात. कामावरील मजुरांस व वाटसरूंस गुळाबरोबर द्यावे.

(३) अख्खा हरभरा : रात्रभर भिजवून उसळ करावी. मोड आणल्यास त्यांत क जीवनसत्त्व उत्पन्न होतें व त्यायोगें लोहहि अंगीं अधिक लागतें. शिजविलेलें पाणी फेकूं नये; त्याची आमटी होते. मोठ्या भांड्यांत एकत्र शिजविणाऱ्या अन्नछत्रासच हा प्रकार परवडतो.

(४) पाला : कोंवळ्या हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवल्यास, हिरवी भाजी मिळत नाहीं त्या दिवसांत जोंधळ्याच्या कण्या घालून त्याची भाजी करतां येते.

सावधगिरी

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसास एकदम उसळ किंवा पोटभर अन्न देऊं नये. प्रथम पातळ पेज थोडी थोडी द्यावी, डॉक्टरांस दाखवावें, व मग हळूहळू वाढवावें. लहान मुलांस अख्खे फुटाणे देऊं नयेत, ते घशांत अडकतात. त्यांचें पीठ करून द्यावें. स्वस्त म्हणून लाखेची डाळ किंवा तिचें पीठ मिसळलेलें बेसन कोणीं पाठवूं नये. लाख हेंच मुख्य अन्न झाल्यास पाय कायमचे लुळे पडतात. त्याचप्रमाणें औषध चोळलेलें बियाणें खाण्याच्या धान्यांत येणार नाहीं याची काळजी घ्यावी.

विनंती

हरभरा हें रब्बीचें पीक. काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर तें निघतें, व ओलच नसली म्हणजे तें बुडतें. अशा सालीं गरीब शेतकरी बियाण्यालाहि हात घालतो. सबब ज्यांच्या घरीं जुना सांठा आहे त्यांनीं खाण्याच्या हरभऱ्याबरोबर पेरणीचा हरभराहि निराळ्या पोत्यांत, वर तशी खूण करून द्यावा. सोलापूर व बार्शी येथील भुसार व्यापाऱ्यांस विनंती कीं, जोंधळ्याच्या दर चार पोत्यांमागें एक पोतें हरभरा किंवा डाळ द्यावी. यानें माणशीं रोज ४०० ग्रॅम जोंधळा व १०० ग्रॅम हरभरा असें प्रमाण साधतें. मजुरांस हेंहि पुरें नाहीं. वर तेल, गूळ व भाजीपाला लागतोच, आणि रोख देणग्या त्याकडे लावण्यांत येतील. ज्यांची गिरणी आहे त्यांनीं डाळ दळून पीठच पाठविल्यास दळणाचा खर्च वांचून तितक्याच रकमेचें अधिक तेल घेतां येईल.