वेगाची उलटतपासणी

भवानीनगरच्या श्री छत्रपती कारखान्याचा बॉयलर पेटला, की बारामती-इंदापूर रस्त्यावर वेगाची गोष्ट करण्यात अर्थ नसतो. पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे बैलगाडी, मधूनच घुसणारा आपे, आणि प्रत्येक गावाच्या वेशीला गतिरोधक. गंमत अशी, की या रस्त्याच्या बारामतीकडच्या टोकाला जी पियाजिओ कंपनी आपे बनवत आली, तीच आज तिथल्या एमआयडीसीत अप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स मोटारसायकल बनवते. आरेखन इटलीतल्या नोआलेचं, उत्पादन बारामतीचं. सप्टेंबर २०२३मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत भरली, तेव्हा ही गाडी भारतात लोकांसमोर आली. डिसेंबरात गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये तिची किंमत जाहीर झाली, चार लाख दहा हजार रुपये. दिल्लीजवळच्या ट्रॅकवर तिचे फोटो काढणाऱ्या किती जणांना बारामती नकाशावर दाखवता आली असती, कोण जाणे.

या गाडीचं एक गणित मला फार आवडतं. युरोपात नवशिक्या तरुणांना ‘ए-२’ नावाचा परवाना मिळतो. त्यावर चालवायच्या गाडीची ताकद ३५ किलोवॅटपेक्षा जास्त चालत नाही, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटच्या वर जाता येत नाही. ३५ला ०.२ने भागा. उत्तर १७५. आरएस ४५७चं इंधनासह वजन १७५ किलो आणि ताकद ३५ किलोवॅट. हा काही योगायोग नाही. वजन १७५च्या खाली गेलं तर ताकद कमी करावी लागते, वर गेलं तर गाडी जड आणि सुस्त. कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊसवाल्याची नजर असते, तशी या गाडीच्या प्रत्येक ब्रॅकेटवर आणि नटबोल्टवर कोणाची तरी नजर असणार. ॲल्युमिनियमची फ्रेम उगाच आलेली नाही.

पण हे झालं कागदावरचं. कागदावरची गाडी पडत नाही, तापत नाही आणि थरथरतही नाही. ती खरोखर काय करते हे पाहायला आधी प्रोटोटाइप बनवावा लागतो. सुरुवातीचे नमुने तर ओळखूही येत नाहीत. नव्या इंजिनावर जुन्या गाडीचं अंग चढवलेलं असतं, त्याला या धंद्यात ‘म्यूल’ म्हणतात, म्हणजे खेचर. पुढे अंग नवं येतं आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचं आवरण चढतं. चाकणच्या बाजूला अशी झाकपाक केलेली गाडी दिसली, की मोबाइल बाहेर काढणारी पोरं आता सरावली आहेत. रस्त्यावर गाडी दिसते तोवर तिचं निम्मं आयुष्य मात्र बंद फाटकाआड गेलेलं असतं.

या फाटकाआडच्या जगाबद्दल आपल्याकडे गैरसमज बरेच. लोकांना वाटतं, चाचणी म्हणजे कोणी तरी जिगरबाज गडी गाडी पळवतो आणि ती किती पळते ते बघतो. खरं तर चाचणीचा ट्रॅक हे मोजमापाचं यंत्र आहे. शर्यतीचा ट्रॅक आणि हा ट्रॅक यांच्यात मोठा फरक आहे. शर्यतीत प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून जलद मारायची असते. चाचणीत प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखीच मारायची असते, तीही दिवसभर. टायर बदलला, स्प्रिंग बदलली, की फरक त्या बदललेल्या भागाचा दिसला पाहिजे, चालवणाऱ्याच्या मूडचा नव्हे.

आपल्या अंगणातच अशी जागा आहे. भवानीनगरहून दौंडमार्गे नगर गाठलं की संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था लागते. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर. लष्कराची वाहनं तपासायचं तिचं मूळ काम, पण खासगी कंपन्यांच्या गाड्याही तिथल्या ट्रॅकवर येतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय १९६६ सालची. गाडी विकायला काढण्याआधी लागणाऱ्या मंजुरीच्या चाचण्यांसाठी अनेक कंपन्या तिच्या दारात उभ्या राहतात. या दोन्ही संस्थांना जोडून देशभर चाचणीच्या सोयी उभ्या करायचा सरकारी प्रकल्प म्हणजे नॅट्रिप. त्यातलं सगळ्यात भव्य अपत्य इंदूरजवळ पीथमपूरला वाढलं, त्याचं नाव नॅट्रॅक्स.

नॅट्रॅक्सचं आवार भलंमोठं. त्यातला वेगाचा ट्रॅक ११.३ किलोमीटर लांब, १६ मीटर रुंद, चार लेनचा आणि लांबट गोल. २९ जून २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं ते तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री, आपले पुणेकर प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते. त्याआधी भारतीय गाडीची खरी कमाल गती मोजायची, तर बऱ्याचदा परदेशाची वाट धरावी लागे, कारण गाडी कमाल गतीला पोचायच्या आत रस्ताच संपायचा.

लांबीपेक्षा खरी करामत वळणांत आहे. वळण बाहेरच्या बाजूने उचललेलं असतं. हा उतार आणि गाडीचा वेग यांचा मेळ एका विशिष्ट वेगाला असा जमतो, की गाडी बाहेर फेकलीही जात नाही आणि आत घसरतही नाही. स्टिअरिंगला बोट न लावता ती वळण घेते. त्याला ‘न्यूट्रल स्पीड’ म्हणतात. त्याहून हळू गेलात तर गाडी खाली ओढ घेते, जोरात गेलात तर टायरांना बाजूचा भार सोसावा लागतो. म्हणून वरच्या लेनमध्ये उतार जास्त, खालच्या लेनमध्ये कमी. कोणी कुठल्या लेनमधून किती वेगाने जायचं हे ठरलेलं असतं, आणि ते नियंत्रण कक्षातून पाहिलं जातं. इथे ओव्हरटेक करायची हौस दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फाटक उघडत नाही.

एक चाचणी जवळून पाहू, कारण ती सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. तिचं नाव ‘कोस्ट डाउन’. गाडी ठरलेल्या वेगाला न्यायची, न्यूट्रल टाकायची आणि काहीही करायचं नाही. ब्रेक नाही, स्टिअरिंगची हालचाल नाही. वेग ताशी दहा-दहा किलोमीटरने उतरायला किती सेकंद लागले, ते यंत्र टिपतं. मग गाडी वळवून त्याच पट्ट्यावर उलट दिशेने तेच, म्हणजे वारा आणि चढउतार यांचा हिशेब एकमेकांत वजा होतो. वारा जास्त असला तर चाचणीच रद्द, ड्रायव्हर चहा पीत बसतो. या सेकंदांतून हवेचा आणि टायरांचा रोध निघतो, तोच प्रयोगशाळेतल्या रोलरला दिला जातो, आणि शोरूममध्ये तुम्हाला सांगितलं जाणारं मायलेज त्या रोलरवर ठरतं. कोट्यवधींचा आराखडा शेवटी एका माणसाने काहीही न करण्यावर येऊन ठेपतो.

अर्थात वेगाचेही दिवस येतात. महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाची बॅटिस्टा ही विजेवरची गाडी २०२२च्या अखेरीस नॅट्रॅक्सवर उतरली. चार मोटरी, १९०० अश्वशक्ती. पाव मैल तिने ८.५५ सेकंदांत आणि अर्धा मैल १३.३८ सेकंदांत कापला. कमाल गती ताशी ३५० किलोमीटरच्या पुढे गेली. तिच्या जडणघडणीत फॉर्म्युला वनचा जुना ड्रायव्हर निक हाइडफेल्ड चाचणीला होता. मालक मुंबईचा, घडण इटलीची, विक्रम माळव्यात, असा तिचा प्रवास.

या धंद्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस मात्र रेसर नव्हता. व्हॅलेंतिनो बाल्बोनी १९६८ साली लॅम्बोर्गिनीत मेकॅनिकच्या हाताखाली लागला आणि पुढे तिथला मुख्य टेस्ट ड्रायव्हर झाला. कंपनीकडे स्वतःचा ट्रॅक नसल्याने त्याने अनेक वर्षं आसपासच्या गावरस्त्यांवरच गाड्या तपासल्या. तो निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याच्या नावाची गाडी काढली, आणि इतर मॉडेलं चारही चाकांना जोर देणारी असताना ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी केली, कारण म्हाताऱ्याला तशीच आवडायची. जॅग्वारचा नॉर्मन ड्यूइस असाच. आयुष्यभर प्रोटोटाइप चालवून धड राहिलेला हा माणूस १९७१ साली एक्सजे१३ या एकमेव नमुन्यासह उलटला तो चाचणीत नव्हे, जाहिरातीच्या चित्रीकरणात. चाकाने दगा दिला. गाडीचा चेंदामेंदा झाला, ड्यूइस सहीसलामत बाहेर आला.

अशा माणसांची किंमत त्यांच्या हातापायांइतकीच जिभेतही असते. सेन्सर सांगतो की मागचं चाक इतकं घसरलं. ते घसरताना भीती वाटली की विश्वास वाटला, हे सेन्सर सांगत नाही. वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं का, ब्रेक सोडताना मागचा भाग हलका होतो का, थ्रॉटल उघडताना झटका बसतो की ओढ लागते, हे नेमक्या शब्दांत सांगता आलं तरच इंजिनीअर काही बदलू शकतो. ‘गाडी मस्त आहे’ एवढंच म्हणणारा कितीही वेगात चालवो, तो या कामाचा नाही.

आपल्या हवामानाने या परीक्षेत स्वतःचे पेपर घातले आहेत. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचं, रेडिएटरचा पंखा मांडीवर गरम हवा मारतो की बाजूने काढतो ते बघायचं. पाण्याच्या हौदातून गाडी काढायची. स्पोर्ट्स गाडीचं पोट जमिनीला जितकं जवळ तितकं चांगलं, असं ट्रॅक म्हणतो, आणि गावाच्या वेशीवरचा गतिरोधक त्याचा लगेच प्रतिवाद करतो. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात डिप्लोमा, आयटीआय झालेली पोरं पाळ्यांमध्ये अशा गाड्या फिरवतात. त्यांची नावं कुठल्या माहितीपत्रकात येत नाहीत. ती यायला हवीत असं मला वाटतं, निदान एकदा.

आणि सगळं पास होऊनही गाडी बाजारात येईलच असं नाही. टाटांची रेसमो ही दोन आसनी स्पोर्ट्स कार मार्च २०१७मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, सहा सेकंदांच्या आत शून्यावरून शंभर. फोटो आजही देखणे दिसतात. विक्रीचा हिशेब जुळला नाही आणि ती तिथेच थांबली.

नव्या पोरांसाठी या जगाचं एक दार पीथमपूरलाच उघडतं. एसएई इंडियाची बाहा स्पर्धा २००७ पासून तिथे होत आली आहे, आणि पुण्या-कोल्हापूरकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांचे संघ स्वतः बनवलेल्या एकआसनी गाड्या टेम्पोत घालून तिकडे नेतात. शेवटी चार तासांची एंड्युरन्स शर्यत असते. तिच्यावर पोरांनी वर्षभर डोळा ठेवलेला असतो. पण त्याआधी ब्रेकची चाचणी लागते. गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. तीन झाली आणि चौथं फिरत राहिलं, तर परीक्षक गाडी परत पाठवतात आणि मुलं पान्हा घेऊन पुन्हा तिच्याखाली शिरतात.