ख्रिस्ती झाला म्हणून मराठीपण जात नाही

‘ख्रिस्ती झाला ना, मग तो आता मराठी कसला?’ शिकलीसवरलेली माणसं हे इतक्या सहजपणे बोलतात की चीड येते. बाप्तिस्मा झाला की नाव बदलतं, साडी जाऊन झगा येतो, घरात इंग्रजी शिरतं, ओवी-अभंग सुटतात, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

कवी नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. नाव नारायण वामनच राहिलं, आडनावही टिळकच. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करताना त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, पदं रचली. आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की पेटी-तबल्यावर त्यांचं पद सुरू होतं. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्याच लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीचा दागिना म्हणून मिरवायचं आणि वर ख्रिस्ती माणूस मराठी नसतो म्हणायचं, हे कसं चालेल? समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तर 1883 मध्ये इंग्लंडात झाला. त्या शाकाहारी राहिल्या आणि अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. वसईचे ख्रिस्ती पोर्तुगीज काळापासूनचे. त्यांच्या घरांत सामवेदी आणि वाडवळी बोली टिकल्या, आणि त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मग बदलतं काय? पहिल्यांदा बदलतात ती नाती, आणि बहुतेकदा ती तोडणारे दुसरेच असतात. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या स्वयंपाकपाण्याचं सोवळं सांभाळतच. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, असा संसार चालला. विटाळाची कल्पना त्यांच्या मनातून हळूहळू गेली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडताच माणूस आरपार पालटतो, ही भाविकांची आवडती समजूतही म्हणूनच खरी नाही. टिळकांचा तापट स्वभाव आणि हातचं देऊन टाकण्याची सवय ख्रिस्ती झाल्यावरही तशीच होती. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला हे सांगावं लागत नाही.

धर्मांतराबद्दल नेहमी ऐकू येणारं ‘सवलतींसाठी धर्म बदलतात’ हे तर सपशेल उलटं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचं आरक्षण गमावतो. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून भाषणं ठोकणाऱ्यांनी निदान तो आदेश एकदा वाचावा.

वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा जातो? नाही. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद 1850 मध्येच झाली होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं 26 वं कलम अडवतं ते धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना आणि त्यांच्या वंशजांना, तेही हिंदू नातेवाइकांच्या वारशापुरतं; धर्म बदलणाऱ्याला स्वतःला नाही.

लग्न आपोआप मोडतं? तेही नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार दुसऱ्या जोडीदाराला घटस्फोट मागता येतो, एवढंच.

आणि जात? चर्चची शिकवण काहीही असो, गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि सोयरीक जुळवताना पुढे येत राहिले. धर्मांतरानं जात आपसूक जाते म्हणणाऱ्यांनी हे लपवू नये.