काचेवरचं पाणी गोठतं तेव्हा

हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त इकडं ठेवा. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. गाडीच्या समोरच्या काचेवर पिचकारी मारायचं जे पाणी असतं, ते थंडीत गोठू नये म्हणून काय करायचं, हे मी आज सांगणार आहे. "ताई, आपल्याकडं प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही काचेवरच्या पाण्याचं काय घेऊन बसलात?" असं कुणीतरी म्हणणारच. पण याच पाण्यापायी आमच्या गटाच्या एका कर्जाचे दोन हप्ते थकले, आणि त्याहून मोठं काहीतरी होता होता राहिलं. म्हणून बोलते.

आमच्या गटातल्या एका काकूंनी कर्ज काढून थोरल्या मुलासाठी सेकंडहँड सात सीटची गाडी घेतली. पोरगा कष्टाळू. लग्नाची भाडी, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, पुण्याचा दवाखाना, असं त्याचं चाललेलं. मागच्या जानेवारीत त्याला लांबचं भाडं मिळालं. आपल्या विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागातली गलाईची मंडळी देशभर पसरलीत, हे तुम्हाला सांगायला नको. सोनं-चांदी गाळायचं दुकान नाही असं मोठं शहर सापडणं कठीण. गावातल्या एका घराची मंडळी जम्मूत आहेत. त्यांच्याकडं बारसं होतं. बारसं झालं, वैष्णोदेवी झाली, आणि मग सगळ्यांनी ठरवलं, इतक्या लांब आलोय तर श्रीनगर बघूनच जाऊ. गाडीत आमच्या गटाच्या दोघी होत्या.

जम्मू सपाटीवर आहे. तिथं जानेवारीत थंडी असते, पण पाणी गोठत नाही. पोरानं तिथं नळाचं पाणी टाकीत भरलं, आपण इथं भरतो तसंच. पुढं घाट चढून, मोठा बोगदा ओलांडून काझीगुंडला उतरलं की काश्मीरचं खोरं लागतं. २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस तिथं सगळ्यात कडक थंडीचे. त्यांना तिकडं 'चिल्लई कलां' म्हणतात. रात्री शून्याच्या खाली चार-पाच अंश ही तिथली नेहमीची गोष्ट, दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते.

हे लोक बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा अंधारून आलेलं. रस्त्यावर बर्फ वितळून काळा चिखल झालेला. पुढच्या ट्रकच्या चाकातून तो चिखल सरळ यांच्या काचेवर. पोरानं वायपर लावला, चिखल पसरला. पिचकारीचं बटण दाबलं, पाणी येईना. परत दाबलं, परत दाबलं. समोर काही दिसेना, मागून गाड्यांचे हॉर्न, एका बाजूला दरड. आमची एक मैत्रीण सांगत होती, "काचेवर कुणी शेणाचा हात फिरवावा तसं झालं होतं." त्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून कशीबशी गाडी कडेला घेतली. त्या रात्री कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर बर्फाचा थर. पोरानं मुक्कामाच्या ठिकाणाहून कढत पाण्याची बादली आणली आणि ओतली. काचेला आधीच खडी लागून बारीकसा टवका गेलेला होता. तिथून जी रेघ सुटली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिचकारीची मोटरही गेली होती. विमा होता तो नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या काचेचा खर्च आपल्याच पदरात. महिन्याच्या बैठकीत काकू मान खाली घालून बसल्या होत्या. हप्ता नाही म्हणायला त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मी त्यांचं बोलणं इतिवृत्तात लिहिलं, आणि घरी आल्यावर ठरवलं की हे नेमकं झालं कसं, ते समजून घ्यायचं. गावच्या फिटरला विचारलं, सैन्यात ड्रायव्हर असलेल्या माझ्या मावसभावाला फोन लावला, थोडं वाचलं.

तर आधी टाकीचं. बॉनेट उघडलं की एक प्लॅस्टिकची टाकी दिसते, झाकणावर काच आणि कारंजाचं चित्र असतं. तिच्या बुडाशी छोटी मोटर, तिथून करंगळीहून बारीक नळी, आणि वर सुईच्या नेढ्याएवढी छिद्रं. थंडीत सगळ्यात आधी ती छिद्रं आणि नळी गोठते, कारण तिथं पाणी थोडं असतं. टाकीत पाणी खळखळताना दिसलं तरी वर बूच बसलेलं असू शकतं. अशा वेळी बटण दाबत राहिलं की मोटर जागच्या जागी जोर करते, मग फ्यूज उडतो नाहीतर मोटर जळते. थंडी वाढली की टाकीतलं पाणीही गोठतं. पाणी गोठताना आकसत नाही, फुगतं, साधारण अकरावा हिस्सा वाढतं. गच्च भरलेली टाकी त्यामुळं तडकते.

आता न गोठणारं पाणी कसं करायचं? याचं उत्तर आपल्या जत्रेतच आहे. कुल्फीवाला मटक्यात बर्फ भरतो आणि वर जाडं मीठ टाकतो. का टाकतो? मिठानं बर्फ वितळायला लागतो, आणि तरी तो खारा पाला शून्याच्याही खाली गार राहतो, त्यामुळं आतलं दूध घट्ट होतं. म्हणजे पाण्यात दुसरं काही मिसळलं की ते शून्यावर गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. पाण्याच्या कणांनी एकमेकांचे हात धरून फेर धरला की बर्फ होतो. मध्ये परके कण घुसले की हात सुटतात, फेर धरायला जास्त थंडी लागते.

लगेच म्हणू नका की मग टाकीत मीठ टाकू. मीठ लोखंड खातं, काचेवर पांढरा पापुद्रा सोडतं, आणि ती छिद्रं बुजवतं. साबणाचाही उपयोग नाही. आपल्याकडं दुकानात काचेसाठी जी गोळी किंवा छोटी बाटली मिळते, ती बहुतेक साबणाचीच असते. डाग काढेल, पण गोठणं थांबवणार नाही. रेडिएटरमधलं हिरवं-गुलाबी कुलंट गोठत नाही हे खरं, म्हणून काहीजण तेच ओततात. ते तेलकट असतं. काचेवर बसलं की समोरच्या गाडीचा दिवा फाकून दिसतो, आणि उघडी काच बरी म्हणायची वेळ येते.

थंड मुलखात यासाठी वेगळं पाणी मिळतं. त्यात अल्कोहोल मिसळलेलं असतं, दवाखान्यातल्या स्पिरिटच्या जातीचं. कॅनवर आकडा लिहिलेला असतो, उणे १०, उणे २०. कॅनडात उणे ४० लिहिलेले कॅन सर्रास विकतात, कारण तिथली थंडीच तशी. तो आकडा पाहूनच घ्यायचं, आणि जिथं जायचं तिथल्या रात्रीच्या थंडीपेक्षा चांगलं खाली घ्यायचं. त्यात पाणी घालून वाढवायचा मोह आपल्याला होणार, आपण ताकात पाणी घालणारी माणसं. पण उणे २० वाल्यात निम्मं पाणी घातलं तर ते उणे १० सुद्धा झेपत नाही. कॅनवर पाणी मिसळायला सांगितलं असेल तरच, आणि सांगितलंय तेवढंच.

मावसभावानं एक गोष्ट सांगितली, ती मला कधी सुचली नसती. नवं पाणी नुसतं टाकीत भरून भागत नाही. नळीत जुनं साधं पाणी अडकलेलं असतं, तेच आधी गोठतं. म्हणून सपाटीवर असतानाच, म्हणजे या पोराच्या बाबतीत जम्मूतच, जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं, आणि काचेवर नव्या पाण्याचा रंग आणि वास येईपर्यंत पिचकारी मारायची. वर घाटात पोचल्यावर हे करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

आणि तसं पाणी मिळालंच नाही तर? टाकी रिकामी करायची. रिकामी टाकी फुटत नाही. गाडीच्या आत, जिथं आपण बसतो तिथं ऊब असते, तिथं पाण्याची बाटली आणि दोन जुनी फडकी ठेवायची. काच खराब झाली की गाडी बाजूला घेऊन हातानं पुसायची. वेळ जातो, पण जीव जात नाही.

अजून एक गंमत आहे. चांगलं पाणी भरलं तरी ते काचेवर पडल्या पडल्या गोठू शकतं. इंजेक्शनच्या आधी नर्सबाई स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा दंड कसा गार पडतो? स्पिरिट उडून जाताना ऊब घेऊन जातं. धावत्या गाडीच्या काचेवर वारा जोरात असतो. तिथं अल्कोहोल आधी उडतं, काच आणखी गार होते, आणि मागं उरतं ते साधं पाणी. त्याचा क्षणात धुरकट थर होतो. म्हणून आधी आतून गरम हवेचा झोत काचेवर सोडायचा, दहा मिनिटं काच कोमट होऊ द्यायची, मग पिचकारी.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडं कडक थंडीत गाड्यांच्या टपावर दवाचं बर्फ झालेलं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. हवा तेव्हा शून्यावर नसते, चार-पाच अंश असते. पण उघड्या आभाळाखाली टप, पान, काच ही हवेपेक्षा जास्त गार होतात. स्ट्रॉबेरीवाले पिकावर पांघरूण का घालतात, त्याचं कारण हेच. गाडीलाही तेच करा. रात्री काचेवर जुनी चादर नाहीतर पुठ्ठा, आणि वायपर उचलून ठेवलेले. सकाळी बर्फ असलाच तर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. कढत पाणी अजिबात नाही. काचेच्या गार ग्लासात उकळता चहा ओतल्यावर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी हा विषय मी बायकांच्या कार्यक्रमात आणला, ते ऐका.

न गोठणाऱ्या पाण्यात पुष्कळदा मिथेनॉल असतं. दिसायला ते निळं, गुलाबी, अगदी सरबतासारखं. मिथेनॉल म्हणजे तेच, ज्यानं २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. युरोपात तर काच धुण्याच्या पाण्यात ते ०.६ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर २०१९ पासून सामान्य ग्राहकाला विकताच येत नाही. आपल्या घरात काय होतं? पोरगा ट्रिपहून येतो, कॅनमध्ये उरलेलं पाणी थंड पेयाच्या बाटलीत ओततो, कॅन धुऊन रॉकेलला नाहीतर डिझेलला घेतो. बाटली ओसरीत. उन्हातून खेळून आलेलं नातवंड बाटली तोंडाला लावतं. फवारणीच्या औषधाच्या बाबतीत असं झालेलं आपण ऐकलंय. कुलंटही तसंच विषारी, आणि त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून पोरं आणि कुत्री दोघांनाही धोका.

मिथेनॉल फसवं आहे. प्यायल्यावर पहिले काही तास माणूस बराच दिसतो, फार तर झिंगल्यासारखा. कधी कधी दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, दम लागतो, डोळ्यापुढं धुकं येतं. तोवर वाट पाहिली की उशीर होतो. म्हणून घोट गेल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन, आणि सरळ मोठा दवाखाना. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. कॅन बरोबर न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना पोटात काय गेलंय ते कळतं. यावर औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं.

आणखी एक, हे पाणी पेट घेतं. चुलीजवळ, गॅसजवळ, बिडी ओढणाऱ्याच्या हातात नको. पेंटच्या दुकानातून सुटं स्पिरिट आणून घरी मिसळणारेही आहेत. त्या बाटलीत नेमकं काय आहे ते दुकानदारालाही सांगता येत नाही, म्हणून मी तरी त्याला नाहीच म्हणेन.

काकूंचं काय झालं, ते विचारणार असाल. गटानं दोन हप्ते पुढं ढकलून दिले. दंड लावायचा की नाही यावर बैठकीत चांगलीच वादावादी झाली. शेवटी लावला नाही. मे महिन्याच्या लग्नसराईत पोरानं सगळं फेडलं. वाहनासाठी कर्ज मागायला आता कुणी आलं की आम्ही विमा कुठला आहे ते आधी विचारतो, आणि थर्ड पार्टी म्हटलं की काकूच सगळ्यात आधी बोलायला उठतात.

येत्या डिसेंबरात तीच गाडी परत जम्मूला निघालीय, लग्नाला. पोरानं उणे २० चा कॅन आणून ठेवलाय. काकूंनी त्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात 'विष' असं लिहिलंय, आणि तो गोठ्याच्या माळ्यावर, फवारणीच्या औषधाशेजारी, कुलपात ठेवलाय. किल्ली त्यांच्या कमरेला.